एक्स-रेची पाकिटे जिन्यावरून किती दिवस धावणार?

आमच्या दुकानाचे शिलाईचे काम वीस वर्षे एकच मास्टर करीत आले. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सातच्या सुमारास चहाचा पेला त्यांच्या हातातून सुटला, तोंड वाकडे झाले आणि जीभ जड झाली. मुलाने शहाणपणा केला. मालीश, झाडफूक यांत वेळ न घालवता रिक्षा केली आणि आठच्या आत त्यांना रुग्णालयात आणले. निरोप मिळताच आम्हीही पोहोचलो. वीस मिनिटांत डोक्याचा सीटी स्कॅन झाला. इथवर सर्व ठीक होते.

पुढचे सव्वातीन तास मात्र एका पाकिटाने खाल्ले. स्कॅनची खोली तळमजल्यावर, वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आणि फिजिशियन साहेब समोरच्या इमारतीत. फिल्म छापण्यासाठी रांग होती. फिल्म हातात आली तेव्हा लिफ्ट बंद पडली होती. मुलगा पाकीट छातीशी धरून जिने चढला, उतरला, समोरच्या इमारतीत पळाला. साहेबांनी मेंदूच्या तज्ज्ञांचे मत घ्यायचे ठरवले, ते मुंबईला. कोणीतरी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली, मोबाईलवर फोटो काढून पाठवला. उत्तर आले, 'या फोटोवरून मी काही ठरवू शकत नाही, मूळ चित्रे पाठवा.' मूळ चित्रे कॉम्प्युटरमधून काढून देणारा एकच माणूस, तो त्या दिवशी रजेवर होता. सर्व काही होईपर्यंत बारा वाजायला आले.

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. डोक्यात रक्तस्राव नाही याची स्कॅनवर खात्री झाल्याशिवाय ते देता येत नाही. म्हणजे स्कॅन होणे पुरेसे नाही, तो योग्य डोळ्यांसमोर वेळेत जाणे महत्त्वाचे. मास्टरांचे साडेचार तास साडेअकराला संपले होते. वेळेत इंजेक्शन मिळाले असते तर हात वाचलाच असता, असा दावा आम्ही करणार नाही. तो डॉक्टरांचा विषय आहे. मास्टर हयात आहेत, घरात हिंडतात-फिरतात. उजव्या हाताने कात्री मात्र धरता येत नाही.

त्या रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. अशी रुग्णालये गावोगाव आहेत, आणि त्यांतली बरीचशी तुमच्या-आमच्या देणग्यांवर उभी आहेत. म्हणूनच हा विषय व्यापाराच्या पानावर मांडत आहोत. हा प्रश्न औषधाचा नाही, माल पोहोचवण्याचा आहे. आणि माल कसा पोहोचवावा हे व्यापाऱ्याला कळत नसेल तर कोणाला कळणार?

फिल्म हा मूळ माल नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी की एक्स-रे किंवा स्कॅन म्हणजे ती काळी फिल्म. पूर्वी ते खरे होते. रोंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, त्यानंतर बराच काळ काच आणि फिल्म हीच चित्राची मूळ प्रत असे. सीटी, एमआरआय आणि आजचे डिजिटल एक्स-रे यांत तसे नाही. मशीन चित्र आकड्यांत तयार करते. फिल्म ही त्या आकड्यांची छापील नक्कल, आणि तीही अपुरी.

कापडवाल्यांना हे लगेच कळेल. ग्राहकाने मोबाईलवर साडीचा फोटो पाठवून 'हीच शेड द्या' म्हटले तर आपण काय सांगतो? तुकडा आणा. फोटोत मोरपंखी निळा दिसतो आणि निळा काळा दिसतो. स्कॅनचेही तसेच आहे. त्यात काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा साधारण ४,०९६ असतात. मोबाईलच्या साध्या फोटोत राखाडी छटा २५६ मावतात. मूळ चित्र समोर असेल तर डॉक्टर उजेड आणि छटा फिरवून त्याच एका स्कॅनमध्ये कधी हाड पाहतात, कधी फुप्फुस, कधी मेंदूचा मऊ भाग. छापलेल्या फिल्मवर जे छापले तेवढेच दिसते. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो तर नकलेची नक्कल. मुंबईच्या तज्ज्ञांनी तो नाकारला यात त्यांची काही चूक नव्हती.

माल आणि बिल्टी

दुसरी गोष्ट मापाची. प्रत्येक गावचा गज निराळा असता तर घाऊक व्यापार किती अवघड झाला असता याचा विचार करा. स्कॅन मशीनच्या कंपन्यांचे एके काळी असेच होते. एका कंपनीच्या मशीनचे चित्र दुसरीच्या कॉम्प्युटरवर उघडत नसे. अमेरिकेतील रेडिऑलॉजी डॉक्टरांची संघटना आणि विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांची संघटना यांनी एकत्र बसून १९८५ मध्ये पहिले सामाईक माप ठरवले. १९९३ मध्ये ते सुधारून त्याला डायकॉम असे नाव दिले. आज जगभरचे सीटी, एमआरआय, सोनोग्राफी आणि डिजिटल एक्स-रे याच मापाने बोलतात. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये आरोग्य नोंदींची जी मानके जाहीर केली त्यांतही चित्रांसाठी डायकॉमच सांगितले आहे.

डायकॉमची खुबी अशी की चित्र आणि त्याची बिल्टी एकाच फाईलमध्ये असतात. मरीजाचे नाव, नंबर, तारीख, कोणत्या मशीनवर, शरीराच्या कोणत्या भागाचे, हे सर्व चित्रासोबतच प्रवास करते. ट्रान्सपोर्टमध्ये गाठीवरची चिठ्ठी निघून गेली की माल कोणाचा ते कळत नाही. इथे तसा घोटाळा होण्याची शक्यता फार कमी होते. पाकिटात मात्र एका महंमदची फिल्म दुसऱ्या महंमदच्या पाकिटात जाऊ शकते, हे सांगायला नको.

फिल्म बंद करून चित्रे कॉम्प्युटरवर साठवण्याचा प्रयोग काही नवा नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाने १९९३ मध्येच फिल्मचे काम जवळजवळ बंद केले. इंग्लंडमध्ये २००७ अखेर सर्व मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही व्यवस्था पोहोचली. या व्यवस्थेला पॅक्स म्हणतात. अडचण होती ती पैशाची. चित्रे पाहण्यासाठी खास कॉम्प्युटर, त्यात खास प्रोग्राम आणि प्रत्येक कॉम्प्युटरमागे वेगळी लायसन्स फी. त्यामुळे चित्र रेडिऑलॉजीच्या खोलीपर्यंत पोहोचे आणि वॉर्डचा डॉक्टर पुन्हा फिल्मचीच वाट पाही.

वेबने काय बदलले?

योगायोग पाहा. ज्या १९९३ सालाने डायकॉमला नाव दिले त्याच वर्षी, ३० एप्रिल रोजी, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने टिम बर्नर्स-ली यांनी तिथे तयार केलेले वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना मोफत खुले केले. या दोन गोष्टी पुढे एकत्र आल्या. डायकॉममध्ये वेबच्या पद्धतीने तीन कामे करण्याची सोय झाली: कोणत्या मरीजाची कोणती चित्रे आहेत ते विचारणे, हवे ते चित्र मागवणे आणि नवे चित्र जमा करणे. गोदामाच्या मुनीमाशी आपला जो व्यवहार चालतो तोच हा.

याचा अर्थ साधा आहे. रुग्णालयात एक कॉम्प्युटर गोदाम म्हणून ठेवायचा, त्याला सर्व्हर म्हणतात. स्कॅन होताच मशीन चित्रे तिथे जमा करते. वॉर्डमधला, ऑपरेशन थिएटरमधला, ओपीडीतला डॉक्टर आपल्या टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडतो, नाव आणि पासवर्ड देतो आणि मरीजाचे मूळ चित्र पाहतो. खास कॉम्प्युटर लागत नाही. एकाच वेळी तिघे तीन ठिकाणी तेच चित्र पाहू शकतात. पाकीट एका वेळी एकाच हातात असते.

थोडा हिशेब मांडू. सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. ३०० कापांचा स्कॅन झाला तर १५० एमबी. रुग्णालयात चांगली वायर टाकलेली असेल तर एवढा माल काही सेकंदांत तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जातो. दिवसाला २० स्कॅन धरले तर ३ जीबी, वर्षाला सुमारे १,१०० जीबी. चित्राला धक्का न लावता दाबून ठेवण्याची पद्धत आहे, तिने जागा आणखी कमी लागते. एवढ्या जागेची डिस्क आज मोठ्या कापड दुकानाच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरलाही परवडते. तेव्हा 'एवढे साठवायचे कुठे?' हा प्रश्न आता उरलेला नाही.

लिएजचा दाखला

'हे सर्व मोठ्यांचे काम, आपल्या पन्नास खाटांच्या रुग्णालयाला कसे झेपावे?' असे कोणी विचारील. त्यासाठी बेल्जियमचा दाखला देतो. लिएज शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात सेबास्तियाँ जोदोन्य नावाचे इंजिनीयर काम करीत. एका विभागातून दुसऱ्या विभागात चित्रे आपोआप जावीत ही तिथलीही गरज होती. त्यांनी ऑर्थांक नावाचा एक छोटा डायकॉम सर्व्हर लिहिला आणि २०१२ मध्ये तो जगाला मोफत खुला केला. तो वेबच्या भाषेत बोलतो आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतो. त्याची आतली रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते. या कामासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०१४ चा पुरस्कार त्यांना दिला. ब्राउझरमध्ये चित्र पाहण्यासाठी ओएचआयएफ नावाचा असाच मोफत प्रोग्राम आहे, त्याची सुरुवात अमेरिकेतील बोस्टनच्या रुग्णालयातून झाली.

मोफत म्हणजे खर्चच नाही असे मात्र कोणी समजू नये. वायर, सर्व्हर, दुसरी डिस्क, वीज गेली तर चालणारा इन्व्हर्टर आणि मुख्य म्हणजे हे सांभाळणारा शिकलेला माणूस, यांना पैसे लागतातच. मोफत आहे तो नमुना, शिलाई नव्हे. ज्यांच्याकडे असा माणूस नाही त्यांनी कंपनीकडून विकत घेतलेले बरे. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. अंतिम निदान करणाऱ्या रेडिऑलॉजिस्टला चांगला, तपासलेला मॉनिटर लागतो. वॉर्डचा स्वस्त पडदा त्याची जागा घेऊ शकत नाही. वॉर्डच्या डॉक्टरला चित्र वेळेत दिसावे, आणि तज्ज्ञाला मूळ माल मिळावा, एवढेच आपले मागणे आहे.

ट्रस्टींनी सह्या करण्यापूर्वी

आपल्याकडे मशीनसाठी दान लवकर जमते. सीटी मशीनला दात्याच्या नावाची पाटी लावता येते, उद्घाटनाला फीत कापता येते, फोटो निघतो. भिंतीतून जाणाऱ्या वायरीला पाटी लावता येत नाही. म्हणून मशीन येते आणि वायर राहते. कोट्यवधींची मशीन तळमजल्यावर आणि तिचा माल जिन्यावरून हमालीने, हा कसला कारभार? यंत्रमाग बसवून बीम डोक्यावर वाहून आणण्यासाठी पाच मैलांवर ठेवल्यासारखे हे झाले.

आमचे स्पष्ट मत असे की कोणत्याही ट्रस्टने नवे स्कॅन मशीन घेताना चित्रे पोहोचवण्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा, आणि तेवढे पैसे जमत नसतील तर मशीन एक नंबर खालची घ्यावी. आणि सही करण्यापूर्वी विक्रेत्याला पाच गोष्टी लेखी विचाराव्यात.

पहिली, मशीन डायकॉमच्या सर्व सोयी देते का, की त्यासाठी नंतर वेगळी किंमत लावणार? अनेकदा 'नेटवर्कची सोय' हा जादा आयटम म्हणून पुढे येतो. दुसरी, चित्रे कोणत्याही ब्राउझरवर दिसतील की फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर? तिसरी, फी दरमहा आहे की स्कॅनमागे, आणि पाच वर्षांत एकूण किती होईल? चौथी, करार संपला तर आजवरची सर्व चित्रे डायकॉममध्ये, विनाशुल्क आणि किती दिवसांत परत मिळतील? पाचवी, नक्कल कुठे ठेवली जाते आणि ती उघडून तपासली कधी?

चौथ्या प्रश्नावर विशेष जोर द्यावा. उधारीत अडकलेला व्यापारी जसा एकाच सेठकडून महाग सूत घेत राहतो, तसे चित्रे अडकलेले रुग्णालय एकाच कंपनीकडे बांधले जाते. माल आपला, गोदामाची किल्ली दुसऱ्याकडे, असा व्यवहार आपण बाजारात करीत नाही. मग रुग्णालयात का करावा?

ही अमानत आहे

वेबवर चित्र ठेवायचे म्हणजे रस्त्यावर ठेवायचे नव्हे. २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने तपास केला तेव्हा ५० हून अधिक देशांतील सुमारे २ कोटी ४० लाख मरीजांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या सापडल्या. कोणी कुलूप तोडले नव्हते. कुलूप लावलेलेच नव्हते. पासवर्ड न ठेवलेले पॅक्स सर्व्हर होते ते. त्यांत भारतातलेही होते, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात भारतातील राज्यांपैकी महाराष्ट्राचा क्रमांक वरचा होता. वर आम्ही बिल्टीचे जे कौतुक केले त्याची ही दुसरी बाजू. चित्रासोबत नावही जाते, म्हणून चित्र उघडे पडले की माणूस उघडा पडतो.

दुसरा धडा दिल्लीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या त्या नामांकित रुग्णालयाला अनेक दिवस हाताने लिहून काम चालवावे लागले. म्हणून सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, प्रत्येक डॉक्टरला स्वतःचा पासवर्ड असावा, कोणी काय पाहिले याची नोंद राहावी आणि एक नक्कल मुख्य यंत्रणेपासून तोडून वेगळी ठेवावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कायदा नसता तरी आपल्याला हे कळायला हवे. मरीज आपल्या शरीराचे चित्र रुग्णालयाकडे ठेवतो ते अमानत म्हणून. अमानतीत खयानत ही चूक नव्हे, गुन्हा होय.

मरीजाने काय मागावे?

ट्रस्टी नसलेल्या वाचकांनाही यात काम आहे. स्कॅन झाला की फिल्मवर समाधान मानू नका. 'डायकॉम चित्रे सीडी किंवा पेनड्राइव्हवर द्या' असे स्पष्ट सांगा. डॉक्टरांच्या वर्तनाविषयी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात की मरीजाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत. गल्ल्याजवळच्या कपाटात जसा जीएसटीचा कागद जपता तशी ही चित्रे जपा. पुढे मुंबईला किंवा पुण्याला जावे लागले तर जुने चित्र हाताशी राहते, आणि पुन्हा स्कॅन करण्याची पाळी बहुधा टळते. यात पैसा तर वाचतोच, शरीरही वाचते. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये साध्या एक्स-रेच्या साठ-सत्तर पट किरण लागतात. गरज असेल तेव्हा ते घ्यावेत, पाकीट हरवले म्हणून घेऊ नयेत.

आपल्या मुलांपैकी बरीच आज कॉम्प्युटर शिकून मुंबई-पुण्यात नोकरीला आहेत. सुट्टीत गावी आली की त्यांना आपल्या ट्रस्टच्या रुग्णालयात घेऊन जा, तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत फिरवा आणि विचारा, हे काम होण्यासारखे आहे की नाही. आम्ही आमच्या भतीजाला असेच नेले. त्याने दोन तास पाहणी केली आणि वायर, सर्व्हर, दोन डिस्क यांचा हिशेब एका कागदावर मांडून दिला. तो कागद आम्ही ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत ठेवणार आहोत, सोबत आमचा वाटाही. पाटी नको, असे सांगणार आहोत.

मास्टरांचे काम आता त्यांचा मुलगा बघतो. कापायचे माप मास्टर डाव्या हाताने खडूने आखून देतात. रेषा थोडी हलते, पण मुलगा ती बरोबर समजून घेतो.